तात्यांची खुणांची वही

माझे आजोबा, आमचे तात्या, आज सकाळी गेले. तेव्हा मी शेजारच्या खोलीत बसून ऑफिसच्या ग्रुपवर भांडत होते.

भांडण नेहमीचंच. पायथॉन बरी की जावा, कुठला एडिटर, कुणाचा कोड शहाणा.

मी अकरा ओळींचं काम एका ओळीत बसवलं होतं. टीममधल्या एकाने लिहिलं, हे आम्हाला कळत नाही. त्याला मी चांगलं झणझणीत उत्तर टाईप करत होते.

गेल्या दिवाळीत तात्यांनाही मी असाच कोड मोठ्या तोऱ्यात दाखवला होता. त्र्याण्णव वर्षांचा माणूस. चष्मा लावून बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले.

"तू न्हाईस तवा ह्ये कोण वाचणार?"

मी म्हटलं, भाषा येणारा कुणीही वाचेल. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. तात्या शेळगावच्या बाजूला पाटकरी होते. कालव्याची दारं वेळेवर उघडायची, बंद करायची, कुठल्या चारीला, म्हणजे पोटकालव्याला, कधी पाणी ते बघायचं, ही नोकरी.

वय तेवीस, आणि डोकं जरा जास्तच तल्लख. वहीत वाक्यं लिहायचा कंटाळा, म्हणून त्यांनी स्वतःच्या खुणा काढल्या. टिंबं, फुल्या, आकडे. आठवड्याचं काम एका पानात. साहेबही खूश.

शेजारच्या टप्प्यावरचे आबा, वयाने दुप्पट, सगळं सरळ वाक्यात लिहायचे. 'दार बंद केले. चारीत म्हैस बसली आहे.' तात्या त्यांची टिंगल करायचे.

एकदा कळंबच्या अंगाला जाणाऱ्या चारीची मोरी गाळाने तुंबली. रस्त्याखालून गेलेला लांब नळ तो. रांगतच आत जायचं, वळायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघांनी आत उतरायचं असं ठरलं. त्यात तात्यांचा थोरला भाऊ होता.

तात्यांनी वहीत त्या चारीपुढे आपली खूण केली. म्हणजे 'माणसं आत, उघडू नये'. आणि त्या दिवशी सकाळच्या एसटीने स्वतः कचेरीच्या कामाला बारामतीला गेले. वही कालव्यावरच्या चौकीत टेबलावर. त्यांच्या जागी त्या दिवसापुरते येणार होते आबा.

दुपारी एक वाजता बारामतीत हातात चहाचा कप असताना त्यांच्या लक्षात आलं.

खुणा फक्त आपल्याला येतात. आणि चौकीच्या भिंतीवर टांगलेल्या पाळीपत्रकात, पाणी सोडायच्या वेळापत्रकात, त्या चारीचं दार तीनला उघडायचं आहे.

पाचावर धारण बसली.

कचेरीतून चौकीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कुणी उचलेना.

मिळाली ती एसटी धरली. "गाडी वाटेत सगळीकडं थांबत व्हती," तात्या मला म्हणाले. 

फाट्यावर उतरून कुणाची तरी सायकल मागून घेतली. तीन कधीच वाजून गेले होते. कालव्याच्या भरावावरून जाताना लांबूनच दिसलं, दारापाशी ही गर्दी.

त्यांना वाटलं, मढी काढलीत.

सायकल टाकून धावले. गर्दीच्या मधोमध आबा बसले होते. दाराच्या चाकाला पाठ लावून, चावी कमरेला, वही मांडीवर. पाण्याची पाळी असलेले बागायतदार तासभर शिव्या घालत होते. आबा दुपारपासूनच दारापाशी, मग फोन उचलायला चौकीत कोण असणार?

दार बंद होतं. चारी कोरडी होती.

तात्या तिथेच मातीत बसले, मग उठून चारीने खाली मोरीपर्यंत गेले. थोड्या वेळाने मोरीच्या तोंडातून एकेक जण मागे मागे सरकत बाहेर आला. तिसरा त्यांचा भाऊ. डोळे सोडून सगळा चिखल.

दाराशी परत येऊन तात्यांनी विचारलं, आबा, तुम्हाला खूण कळली कशी?

"न्हाय कळली. म्हणून तर उगाडलं न्हाय."

मग आबांनी वही त्यांच्या हातात दिली.

"तुझं तुलाच कळत आसंल, तर लिवतोस कशाला?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तात्या स्वतःबद्दल म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. तरीही मी सुधारले नाहीच. माझी ती एक ओळ दिवाळीनंतरची आहे.

आज आई बाहेरगावी. सकाळची गोळी मी द्यायची होती. आठ वाजता उत्तर अर्धवट सोडून उठले. तात्यांच्या उशाशी त्यांच्याच हातचा कागद चिकटवलेला असतो, मी नीट वाचला आजच.

'गुलाबी गोळी चहानंतर द्यावी. अर्धीच. मोडायची सुरी टीव्हीखाली आहे. मी नको म्हणालो तरी द्यावी. झोपलो असलो तर तीनदा हाक मारावी. मला कमी ऐकू येते.'

मी तीनदा हाक मारली.

मग चौथ्यांदाही मारली. ते कागदावर नव्हतं.

ते उत्तर मी पुसून टाकलंय. अकरा ओळी परत लिहीन. आज नाही.

तात्या, तुमचं सगळं वाचता आलं. नमस्कार करते.