पुंजकेवाले चाचा

गळणाऱ्या नळाकडे पाहून हळहळणारी माणसं पुष्कळ असतात. पण गळणाऱ्या हवेसाठी ज्याचा जीव तीळतीळ तुटतो असा माणूस अख्ख्या विदर्भात एकच असेल, आणि तो दिग्रसला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. धंदा पंपांच्या-पंख्यांच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करण्याचा, वय साठीला टेकलेलं, दाढी मेंदीने लाल, आणि खिशात पेनाच्या जागी कापसाचा एक पुंजका. जिथून हवा निसटत असल्याचा संशय येईल तिथे ते तो चिमटीत धरून नेतात. पुंजका थरथरला की चाचांचा चेहरा घरातलं कुणी आजारी पडल्यासारखा उतरतो.

आम्ही नवा कूलर घेतला तेव्हा ते पेढा खायला आले आणि पेढा हातात तसाच ठेवून कूलर आणि खिडकी यांच्या मधल्या फटीशी पुंजका फिरवू लागले. मग दुःखाने म्हणाले, "गुरुजी, हा कूलर घरासाठी घेतला का गल्लीसाठी?" लगेच माझ्या बायकोकडे कणकेचा गोळा मागून त्यांनी सगळ्या फटी लिंपल्या. गारवा वाढला हे कबूल, पण दुसऱ्या दिवशी कूलरला मुंग्यांची रांग लागली होती. माझ्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. रिकाम्या खुर्च्यांवर पंखे फिरताना त्यांना बघवेना. त्यांनी मांडवातल्या पाहुण्यांना गोडीगुलाबीने एका बाजूला सरकवून उरलेले पंखे बंद केले. बंद पंख्यांच्या बाजूला नेमके वराचे काका डुलकी घेत होते. ते घामाघूम होऊन उठले आणि रुसले, त्यांची समजूत काढता काढता माझ्या भावाचं जेवण राहिलं.

चाचांचा खरा जीव मात्र आमच्या रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये. तिथे अंगणातल्या ढिगातला कापूस पत्र्याच्या जाड पाइपांतून एक अजस्र पंखा ओढून घेतो आणि आत यंत्रांवर सरकी वेगळी, रुई वेगळी होते. तिथल्या मोटारींची नाडी चाचा तरुणपणापासून पाहतात, तीही स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून. पुढे बोंडअळीची वर्षं आली. कापसाच्या गाड्या निम्म्या झाल्या, पण पंखा आपला पहिल्याच जोरात रिकाम्या पाइपातून वारा ओढत राहिला. शेवटी जिनिंगच्या मालकाने, शेठने सांगून टाकलं की या हंगामात विजेचं बिल उतरलं नाही, तर कुलूप लावून जागा गोदामाला देईन. जिनिंग गेलं म्हणजे त्या रस्त्यावरची चहाची टपरी, हमाल, गॅरेज सगळंच गेलं. चाचा दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने, ती यवतमाळहून पॉलिटेक्निक करून आलेली, त्यांना समजावलं की कारखान्यांची वीज वाचवणाऱ्या नव्या कंपन्या निघताहेत, आपणही काढू. बापलेकीची कंपनी झाली. अर्ज शुद्ध मराठीत मी लिहिला. चाचा मला सांगत होते, "ह्या भानगडीले ष्टार्टअप म्हणतात म्हणे. मी चाळीस वर्षांपासून हेच करून राह्यलो, मले कोणी सांगितलंच नाही." यवतमाळला नवउद्योजकांच्या मेळाव्यात सगळी पोरं लॅपटॉप उघडून बसली होती. चाचांनी खिशातून पुंजका काढला आणि थेट परीक्षकांच्या मागच्या एसीकडे गेले. त्यांना बक्षीस मिळालं नाही, जाड प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक प्रमाणपत्र मिळालं. घरी येताच त्यांनी प्रमाणपत्र गादीखाली टाकलं आणि फोल्डर कापून पाइपात बसवायची झडप केली.

युक्ती साधी होती. कापूस आला की झडप हलायची आणि पंखा जोर धरायचा, कापूस थांबला की पंखा दमाने फिरायचा. त्याची वायरिंग मुलीने जुन्या जेवणाच्या डब्यात बसवली. शेठने आठ दिवसांची मुदत दिली. पहिल्याच दिवशी कापूस थांबताच पंखा मंदावला आणि सगळे कामगार लाईन गेली समजून बाहेर येऊन बिड्या पेटवू लागले. खुद्द शेठ धावत आले. ते आठ दिवस चाचा शिडीवरून उतरलेच नाहीत, एकेक सांधा पुंजक्याने तपासून बुजवत होते. खालून हाका मारल्या तरी वळायचे नाहीत. डोक्यात पाइपच असणार, असं आम्ही समजायचो.

पुढे बिल आलं, चांगलंच उतरलेलं. शेठच्या तोंडून शाबासकी निघणं म्हणजे भर उन्हाळ्यात धुकं. त्यांनी फक्त निरोप पाठवला की पुढच्या हंगामासाठी यंत्रांचे पट्टे मागवून ठेवा, म्हणजे जिनिंग चालूच राहणार होतं. तो ऐकून चाचा माझ्या ओट्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मलाही आवरलं नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी मी शाळेतून परतत होतो. जिनिंगच्या भिंतीबाहेर जो पाइप रस्त्याकडे वळतो, तिथे चाचा उभे होते. त्यांच्या हाताच्या उंचीवर पाइपाला चांगलं बोट जाईल एवढं भोक होतं. मला खोडी काढायची संधीच मिळाली. म्हटलं, चाचा, सगळ्या गावाच्या फटी लिंपल्या आणि हे इथे? ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी पुन्हा मोठ्याने विचारलं.

"राहू द्या गुरुजी. बाकी सगळे बुजवले, हे एक मीच ठेवलं," ते म्हणाले. "माहे कान गेले. आधी पंख्याचा आवाज मोठा होता, थोडं तरी समजे. आता तो इतका हळू चालते का चालू हाये का बंद, मले कसं समजंन?"

त्यांनी खिशातून पुंजका काढून भोकाशी धरला. पुंजका थरथरला, ओढला गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी चाचांना हवा गळताना हसलेलं पाहिलं.

परवा शेठ बाजारात भेटले. म्हणाले, तुम्ही शेजारी, तुम्हाला ठाऊक असेल, म्हाताऱ्याने सगळी गळती नक्की बुजवली ना? तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेल्या मी शेठच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "सगळी."