मामांच्या टेकडीवरची रिकामी ओळ

औरंगपुऱ्यात माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. सर्वांत जास्त काय खपतं, तर भुताखेतांचे अनुभव. मी ते विकतो, गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचतोही. पण विश्वास? छे! गावोगावच्या भुतांना पांढराच कपडा कसा परवडतो, हा माझा जुना प्रश्न आहे. आमच्याकडच्या धुळीत माझा शर्ट दुपारपर्यंत टिकत नाही. त्यामुळे आता मीच अशा अनुभवांच्या या सदरासाठी लिहायला बसलोय हे पाहून बायको हसतेय. हसू दे... ती स्वतः साक्षीदार आहे, तिचीही सुटका नाही.

गोष्ट गेल्या जानेवारीतली. माझे मामा शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ते पिशोरजवळ मामींच्या माहेरच्या जमिनीवर राहायला गेले. जमीन म्हणजे एक मुरमाड टेकडी आणि पायथ्याशी घर. मी तिथं कधी गेलो नव्हतो. त्या टेकडीवर मामांनी झाडांचा संग्रह करायचं मनावर घेतलं — लोक तिकिटं जमवतात तसा. आपल्या डोंगरांत उगवणारी प्रत्येक जात तिथं हवी. गुलमोहर आणि निलगिरीला मज्जाव. आदल्या पावसाळ्यात मोठं वृक्षारोपण झालं. त्याचे फोटो माझ्या फोनवर आले होते: मंडप, शाली, नारळ, आणि एकेका रोपाला सात-आठ हात लागलेले. हात सगळे दिसत होते, रोप तेवढं शोधावं लागत होतं.

जानेवारीत मामांचा फोन आला. आवाज पडलेला. "एकदा येऊन जा. सूनबाईलाही आण. पुन्हा बघायला मिळंल न मिळंल."

कारण मला ठाऊक होतं. रोपं वाळत चालली होती. त्यांचा मुलगा संतोष शेंद्र्याला कंपनीत आहे. त्याचं म्हणणं, टेकडी खडी-क्रशरवाल्याला देऊन टाकावी. आमच्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी तो माणूस सही घ्यायला येणार होता. मामा तयार झाले होते.

"फाट्यावर उतरा अन् टेकडी ओलांडून चालत या," ते म्हणाले. "वाटेत माझी झाडं लागतील... काय उरली ती."

मी आणि वैशाली एसटीनं फाट्यावर उतरलो तेव्हा सकाळ होती, लख्ख ऊन होतं. हे मुद्दाम नोंदवतो, कारण अशा अनुभवांना अमावास्या लागते असं म्हणतात. वैशाली शाळेत विज्ञान शिकवते आणि चालायला लागली की मुलांसारखीच पळते. वाळलेल्या गवताचे दोन उतार आम्ही पार केले, एका खिंडीतून वळलो... आणि थेट सावलीत शिरलो.

"अहो, थांबा! केवढं गार आहे इथं!"

रान होतं. चांगलं उंच, भरगच्च. पायाखाली पानांचा थर चुरचुरत होता, वरून उन्हाचे कवडसे, कुठंतरी सुतारपक्ष्याची ठकठक. प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी. अंजन. धावडा. मेडशिंगी. सालई. अक्षर मामांचंच, त्यांच्या 'ल'ला मांजराच्या शेपटीसारखं वळण असतं. काही पाट्यांच्या कडा तर सालीनं गिळून टाकल्या होत्या. आता तुम्ही विचाराल, तेव्हाच शंका कशी नाही आली? मी समजलो, रान आधीचंच असणार, मामांनी फक्त पाट्या ठोकल्या. झाडं निसर्गाची आणि सही आपली — चित्रकाराला ते शोभूनही दिसत होतं.

एकच गोष्ट खटकली. झाडं सगळी ओळींत, पण वाटेच्या खालच्या अंगाला एक अख्खी ओळच नव्हती. पंगतीतून एक रांग उठून गेल्यासारखी मोकळी जागा, आणि तिच्यावर स्वच्छ ऊन.

वैशालीनं बहाव्याच्या झाडाखालून एक लांब काळपट शेंग उचलली, "वर्गात दाखवते" म्हणत पर्समध्ये कोंबली. अर्धी बाहेरच राहिली. मग वाट वळली, रान संपलं, समोर घर. मामा आणि संतोष अंगणात बाजेवर बसले होते.

वैशालीला धीर कुठला! लांबूनच ओरडली, "मामा, काय जंगल केलंय! डोळे निवले! आणि हे म्हणतात झाडं मरतायत!"

मामांचा चेहरा उतरला. संतोष मात्र खूश झाला. "वहिनी, टोमणा लई भारी मारला."

"सूनबाई," मामा हळू म्हणाले, "थट्टाच करायची होती तर फोनवर करायची. एवढं चालत कशाला यायचं?"

"थट्टा?" वैशाली गोंधळली. "मामा, मी एकेक पाटी वाचत आलेय. अंजन, धावडा, मेडशिंगी..."

मामा उठले, घरात गेले आणि पत्र्यांची एक चवड घेऊन आले. सगळे कोरे. "रंग आणायचाच राहिला. एकबी पाटी अजून लिहिली नाय."

"दादा," संतोषनं मला विचारलं, "फाट्यावर काय खाल्लं होतं?"

मी मागं वळून पाहिलं. टेकडी होती. मुरूम होता. काट्यांची कुंपणं, आणि त्यांत गुडघ्याएवढ्या काटक्या. बस्स. सावली म्हणाल तर आमच्या चौघांची.

एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. मी विचारलं, "पण मामा, वाटेच्या खालची ती ओळ का सोडली?"

मामांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "सोडली नाय. मेली. तुला कुणी सांगितलं?"

ती वृक्षारोपणाला आलेल्या पाहुण्यांची ओळ होती. टेकडीवरची सर्वांत चांगली काळी माती तिथं, वाटही जवळ, पाहुण्यांच्या बुटांना चिखल लागायला नको म्हणून. फोटोतली रोपं म्हणून पाणीही त्यांनाच जास्त घातलं. तरी सगळी गेली. "जिथं माती, जिथं पाणी, तिथंच जगली नाय," मामा म्हणाले. "मग वरच्या मुरमात काय जगणार? म्हणून तर सही करतोय बाबा."

"उपटून बघू या का एखादं?" मी विचारलं.

"नाय. वाळलेलं रोपसुद्धा एक पावसाळा उपटायचं नाय. पावसात फुटतंय कधी कधी."

"मामा," वैशाली म्हणाली, "उद्या सही झाली की तिथं क्रशर येईल. कुठला पावसाळा?"

मामांनी खालच्या ओळीकडं पाहिलं. मग म्हणाले, "संतोष, कुदळ आण."

संतोष कुरकुरत आला. "आता मढं उकरा," म्हणत त्यानं चार घाव घातले, रोप ओढलं — आणि मातीतून एक काळी प्लास्टिकची पिशवी वर आली. जशीच्या तशी, नर्सरीतून आली तशी. आत मुळं गोल गोल फिरून वाळून गेलेली. दुसरं उपटलं. पिशवी. तिसरं. पिशवी! संतोष आधी खो खो हसला, मग एकदम थांबला.

"आबा, ह्यांनी पिशवीसकट पुरलं!"

"अन् मी," मामा म्हणाले, "तवा मंडपात शाल पांघरून भाषणं ऐकत होतो. वरची तेवढी माझ्या हातानं लावलीत, पिशवी काढून."

पुढचं आठवलं की आजही अंगावर काटा येतो, आनंदानं. मामा टेकडीवर पळत सुटले. अक्षरशः पळत, धोतराचा सोगा हातात धरून! मुरमातल्या पहिल्या धावड्याच्या काटकीपाशी बसले, नखानं साल खरवडली. आत हिरवं. दुसरी. हिरवी. "संतोष! हिरवं हाय रं! नुसती पानं गाळलीत, जित्ती हायेत!" आणि मुरमात संतोषही एकेक काटकी खरवडत पळायला लागला — सकाळपासून आम्हाला हसणारा तोच.

दुसऱ्या दिवशी क्रशरवाला आला. मामांनी त्याला चहा पाजला आणि जाताना पिशवी फाडून एक रोप हातात दिलं.

आता खुलासे. मीच माझी उलटतपासणी केली आहे. वृक्षारोपणाचे फोटो मोठे करून पाहिले, तर एका पाहुण्याच्या हातातल्या रोपाला काळी पिशवी तशीच असलेली स्पष्ट दिसते. माझ्या मनानं ती नकळत टिपली असेल, बाकीचं उन्हानं केलं असेल. मान्य. पण मग ते रान वैशालीनं माझ्या मनात पाहिलं म्हणायचं का? लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या मनातली एकही गोष्ट तिला आजवर दिसलेली नाही. वाट चुकलो असू म्हणावं, तर त्याच वाटेनं परत गेलो. खिंडीपर्यंत त्या काटक्या सोडल्या तर एकच बोरीचं झुडूप होतं, आणि त्याला पाटी नव्हती.

आणि शेंग? ती पर्समध्ये होती. आहे. बहावा रस्त्याकडेलाही असतो, हे मला माहीत आहे. आम्ही रस्त्याकडेला थांबलो नव्हतो, हेही माहीत आहे.

त्या शेंगेतलं बी मामांनी गरम पाण्यात भिजवून रुजवलं आणि यंदाच्या पावसाळ्यात त्याच ओळीत लावलं. मंडप नाही, शाल नाही. एकच नियम: "आधी रिकामी पिशवी माझ्या हातात, मग फोटो." पाट्याही रंगल्या. 'ल'ला शेपटी आहेच.

आम्ही पाहिलेल्या रानात ही ओळ रिकामी होती. आता ती रिकामी नाही. मग आम्ही कुठलं रान पाहिलं? आणि शेंग कुणाची? माझ्या दुकानातल्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नाही, मी सगळी चाळली आहेत. उत्तर दिलंच तर त्या बहाव्यांपैकी एखादा देईल, आणि त्याला अजून माझ्या गुडघ्यापर्यंत पोचायचंय.