सातवा फर्मा

कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या खोलीत सत्तावीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे बाइंडरकाका म्हणत. हाताला कायम खळीचा वास आणि तोंडात कायम एकच वाक्य, "माझ्या बांधणीतून पान सुटत नाही!" माणूस वाईट नव्हता हो, पण कामाबद्दल कुणी ब्र काढला की संपलंच. नाकावर राग तयारच असायचा.

बावन्नाव्या वर्षी काकांनी त्याच कॉलेजात गणिताच्या वर्गात नाव घातलं. हौस कसली डोंबलाची! ग्रंथालयात सहायक व्हायचं तर गणिताचा एक पेपर पास हवा, असा नियम आला होता. अर्ज लेकीने भरून दिला. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची, त्या दिवशी सुट्टी काढून सोबत आली. रांगेत पुढेमागे सगळी विशीतली पोरं. एकाने विचारलं, "काका, मुलाची ॲडमिशन का?" काकांनी मान अशी हलवली की धड हो नाही, धड नाही नाही. लेक मात्र खणखणीत आवाजात म्हणाली, "त्यांचीच आहे."

वर्गात सरांनी फळ्यावर दोन पुस्तकांची नावं लिहिली. एक नवं, सोडवलेल्या उदाहरणांचं. दुसरं जुनं, जाडजूड. यातलं कुठलंही चालेल म्हणाले.

"बाबा, नवीनच घ्या," घरी लेक म्हणाली.

"कशाला? जुनं आहे की घरात, तुझंच. माझ्या हातची बांधणी आहे ती!"

लेक उठली. आत निघून गेली.

त्या पुस्तकाची गोष्ट अशी. अकरा वर्षांपूर्वी लेकीने हेच गणित घेतलं होतं. तिलाही नवीन पुस्तक हवं होतं. काकांनी ग्रंथालयाने रद्दीत काढलेली जुनी प्रत उसवली, नव्याने शिवली, निळ्या कापडात बांधली आणि ऐटीत तिच्या हातात ठेवली. चार महिन्यांनी पोर रडकुंडीला आली. ती तेव्हा काय म्हणाली ते काकांना आता आठवत नव्हतं. आपण काय म्हणालो ते मात्र पाठ होतं: "पुस्तकात सगळं आहे. तुझ्या डोक्यात जागा नाही." लेक नापास झाली, कॉलेज सुटलं. पुढे चारचौघांत काका हसत हसत सांगायचे, "आमच्या पोरीचा आणि गणिताचा छत्तीसचा आकडा!" ती पाण्याचे पेले ठेवायची आणि आत जायची.

आता तेच निळं पुस्तक घेऊन काका बसले. तीन आठवडे गाडी बरी चालली. मग अडली ती अडलीच. एक पान कळावं, पुढच्यात भलतंच काही यावं, आणि तेही जणू आधी शिकवून झाल्यासारखं. वर्गात पोरं माना डोलवत आणि काका वहीत तोंड खुपसून बसत. आपलं डोकं म्हणजे निव्वळ दगड, असं त्यांना वाटू लागलं. वर्गात कुणी त्यांच्याकडे पाहिलं तरी कान तापायचे.

एका रविवारी सकाळी त्यांची नजर पानांच्या आकड्यांवर गेली. शहाण्णव. पुढचं पान एकशे तेरा.

सोळा पानांची एक घडी, तिला फर्मा म्हणतात. शिवण्याआधी प्रत्येक फर्म्याच्या तळाचा आकडा तपासायचा, हा या धंद्यातला पहिला धडा. काका कधी तपासत नसत. गठ्ठ्यावर अंगठा दाबायचा, जाडीचा अंदाज घ्यायचा आणि म्हणायचं, "बरोबर आहे." इथे सातवा फर्माच नव्हता. काका तडक ग्रंथालयामागच्या खोलीत गेले आणि कातरीने निळं कापड उसवलं. पुस्तकाच्या पाठीला मजबुती यावी म्हणून ते हाताला येईल त्या रद्दीच्या पट्ट्या कापून आतून चिकटवत. त्या पट्ट्यांवर गणितं होती. एकीच्या कोपऱ्यात आकडा होता, एकशे एक.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला जागाच नव्हती.

घरी लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. काकांनी उसवलेलं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. "पोरी, चूक माझी होती. सोळा पानं मीच कापली. तुझं डोकं ठीक होतं गं. तू तेव्हाच सांगितलं असतंस तर..."

"सांगितलं होतं, बाबा." तिने हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली. "मैत्रिणीचं पुस्तक आणलं होतं मी. दोन्ही शेजारी ठेवून दाखवत होते. तुम्ही बघितलंच नाहीत. म्हणालात, माझ्या बांधणीतून पान सुटत नाही."

काका उसवलेलं निळं कापड उगाच पुस्तकावर बसवू लागले.

तिने हात पुढे केला. "द्या इकडे. एवढं काय होतं त्या सोळा पानांत, बघू तरी."

काकांनी खिशात हात घातला. द्यायला त्यांच्याकडे खळीने कडक झालेल्या, बोटभर रुंदीच्या तीन पट्ट्या होत्या.