डिझेलच्या कॅनला पेट्रोलचा वास

जुना कॅन घ्यायचा तर आधी त्यात नाक घालावं. रंग, पत्रा, झाकण हे सगळं नंतर. खडी-वाळूचा धंदा मी एका भाड्याच्या टेम्पोवर सुरू केला. ड्रायव्हर डिझेल कुठे मुरवतो हे शोधता शोधता माझं नाक तयार झालं. ते नाक नसतं तर मी आजही सुखात असतो.

कॅन आम्ही दोघांनी मिळून घेतले, कळंबोलीच्या एका भंगारवाल्याकडून. आम्ही दोघं म्हणजे मी आणि आपटा गावातला माझा शाळेपासूनचा मित्र. दोघांच्याही जीप डिझेलच्या. हिमाचलात वर स्पितीला जायचं, एकाच जीपमधून, आळीपाळीने चालवत, हे आम्ही केव्हाच ठरवलं होतं. तिकडे पंप लांब लांब, म्हणून जादा डिझेल बरोबर हवं. आधी कॅन घेऊ, म्हणजे जाणं होईलच, असा माझा हिशेब.

भंगारवाल्याकडे लष्करातून बाद झालेले पत्र्याचे दोन कॅन होते. मी वास घेतला, आत बोट घालून गंज चाचपला, झाकणाचं रबर नखाने दाबून पाहिलं. मग पाणी भरून दोन्ही कॅन वर्तमानपत्रावर उलटे केले आणि समोर बसून राहिलो.

"शेठ, कॅन घेताय का सून बघताय?" भंगारवाला म्हणाला.

"सून असती तर एव्हाना पळून गेली असती," माझा मित्र म्हणाला.

कागद कोरडा राहिला. पण एका कॅनला पोचा होता, म्हणून मी दुसरा एकटाच मागितला. भंगारवाल्याने मान हलवली. "जोडी हाय. जोडी फोडत नाय." मग मी त्या पोच्यावरून भांडलो, दोनदा चहा झाला, शेवटी मी सांगितलेल्या भावाला तो हो म्हणाला. आम्ही अर्धे अर्धे पैसे दिले. भाव करण्यात मी कुणाचं ऐकत नाही, पण एक नियम पाळतो. समोरच्याने आपला भाव मान्य केला की उठायचं नाही. उठला तो बाजारातूनच उठला.

कॅनला वर तीन हँडल का, हे भंगारवाल्यानेच दाखवलं. मधलं हँडल एकट्या माणसासाठी. भरलेला कॅन जड झाला तर दोघांनी कडेची दोन धरायची. आम्ही तसाच उचलायचो. मित्र उंच, मी बुटका, त्यामुळे सगळं वजन माझ्याकडे यायचं. मग तो गुडघ्यात वाकून चालायचा आणि म्हणायचा, "तुझ्यासाठी मला म्हातारा व्हायला लागतंय."

माझ्या जीपच्या मागे मी लोखंडी चौकट जोडून घेतली, पट्टे लावले. गाडीच्या आत कॅन ठेवायचा नाही, वाफ डोक्यात जाते. काठोकाठ भरायचा नाही, उन्हात तेल फुगतं. भरताना गाडीत नाही, जमिनीवर ठेवायचा. आणि डिझेलच्या कॅनमध्ये पेट्रोल कधीही नाही. दोन्ही कॅनवर मी पिवळ्या रंगात 'डिझेल' लिहिलं. एकदा पंपावरचा माणूस कॅनमध्ये द्यायला तयार नव्हता. मी आवाज चढवला तेव्हा मित्राने मला दंडाला धरून बाजूला नेलं आणि तो दोन शब्द गोड बोलून भरून घेऊन आला. मला वाटायचं, अशी माणसं जोडीनेच बरी.

स्पिती होईपर्यंत आम्ही जवळपास फिरलो. पाताळगंगेच्या पात्रात गाडी उतरवली, कर्नाळ्याच्या मागच्या कच्च्या वाटा पालथ्या घातल्या. हाकेच्या अंतरावर पंप असताना मागे दोन कॅन बघून लोक विचारायचे, "शेठ, डिझेल विकायला निघालात काय?" मी म्हणायचो, सराव चाललाय.

या वर्षी मे महिन्यात जायचं पक्कं होतं. एप्रिलमध्ये मित्र म्हणाला, गुडघा दुखतोय, पुढच्या वर्षी बघू. मी मानलं. मग तो कॅन मागायला आला. भाजीच्या वाफ्यांना डिझेलचा पंप लावायचाय म्हणाला. मी स्वतः पट्टे सोडून दिले. मध्ये फोन केला तर म्हणाला, मुलीकडे पुण्याला आहे. जूनमध्ये कॅन परत आले, धुतलेले, पुसलेले. त्याने स्वतःच चौकटीत बसवले आणि चहा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी मी झाकण उघडून नाक घातलं. पेट्रोल. दुसरा उघडला. त्यातही पेट्रोल. त्याच्या जीपला पेट्रोल चालत नाही, त्याच्या शेतातल्या पंपालाही नाही. मी कॅन आडवा केला. खालच्या जोडाच्या खाचेत पांढुरकी, पिठासारखी धूळ बसली होती. आपट्याची माती अशी नसते. पनवेलपासून महाडपर्यंत कुठेच नसते.

तशीच जीप काढली आणि आपट्याला गेलो. मित्र घरात नव्हता. वहिनी ओट्यावर सुकट निवडत होती. मला बघून उठली.

"भाऊजी, आता कसं हाय? दम लागतो का अजून?"

"कसला दम?"

"हे बोलले ना, डाक्टरनी तुमाला वर डोंगरात जायाला नाय सांगितलंय. यांच्यासंगं स्पितीला गेली ती खारघरची मंडली तुमालाच विचारत होती. हे बोलले, त्याला थंडी सोसायची नाय. आमालाबी वाईट वाटलं, तुमचीच तर हौस होती."

मी म्हटलं, आता बरा आहे. तिच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता.

मित्र आला आणि चौकटीतल्या कॅनची उघडी झाकणं बघून समजला. अंगणाबाहेर आंब्याखाली मी त्याला गाठलं.

"तळाशी राहिलेलं पेट्रोल माझ्या गाडीत गेलं असतं तर इंजिन बसलं असतं!"

"सांगणार होतो."

"काय सांगणार होतास? मी आजारी आहे ते?"

तो पायाने माती उकरत म्हणाला, "हे बघ, ती खारघरची नोकरीवाली माणसं. दोघांच्या गाड्या पेट्रोलच्या. ठरलेल्या भावात राहतात, ठरलेल्या भावात जेवतात. तू प्रत्येक ढाब्यावर भांडला असतास."

"त्यांनी सांगितलं, मी नको?"

"नाही. त्यांनी तुला बोलवायलाच सांगितलं होतं." तो आता माझ्याकडे बघत होता. "मीच नको म्हटलं. एकदा तरी कुणाची माफी न मागता फिरावं वाटलं. तू भांडतोस आणि मागून मी हात जोडत येतो. शाळेपासून."

मी घसा फुटेपर्यंत ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. स्पिती आपलं ठरलं होतं, एवढंच म्हणायचं होतं, आणि तेच राहून गेलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली. तो म्हणाला, "नवीन जोडी घेऊन देतो, तू म्हणशील तशी." मी पोचा असलेला कॅन चौकटीतून काढला, त्याच्या अंगणात आपटला आणि निघालो. अर्धे पैसे त्याचे होते. मी कुणाचं ठेवत नाही.

उरलेला कॅन मी साबणाने धुतला, खडी घालून खळखळवला, आठवडाभर उन्हात उघडा ठेवला. वास गेला, असं घरची माणसं म्हणतात. मला येतो.

परवा कळंबोलीला गेलो. चौकटीत एक जागा रिकामी ठेवली की पट्टे वाजतात. भंगारवाल्याकडे तसाच एक सुटा कॅन होता. मी नाक घातलं, रबर दाबलं, पाणी भरून उलटा केला. सवयीने भाव पाडला आणि तो माझ्या भावाला हो म्हणाला. कॅनमध्ये अजून पाणी होतं. त्याने कडेचं एक हँडल धरलं आणि दुसरं माझ्याकडे केलं.

"धरा शेठ, ओतून टाकू. झाली तुमची जोडी. दुसरे शेठ कुठं हायत?"

मी उठलो. "नको."

तो कॅन तसाच अर्धा उचलून बघत राहिला. "भाव मान्य केल्यावर उठतात होय शेठ?"

"हल्ली उठतात," मी म्हणालो.