लिंबावरची काजळी

परसातल्या लिंबाची पानं काळी पडायला लागली, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता निकाल देऊन टाकला: कंपनीचा धूर. आमच्या गावाला लागूनच खताचा कारखाना आहे, त्यामुळे आम्हाला दुसरं काही सुचतच नाही. वाळत घातलेल्या पापडांवर डाग पडले, कंपनी. सुनेचे केस गळले, कंपनी. चिमणी समोरच दिसते, बोट दाखवायला सोपं.

माझे यजमान त्याच कंपनीतून निवृत्त झाले. आमचं शेत कारखान्याच्या जागेत गेलं आणि त्याच्या बदल्यात त्यांना नोकरी मिळाली. त्या पगारावर दोन्ही मुलं शिकली, तरी माझं तोंड काही बंद राहिलं नाही. जन्मभर शाळेत शिकवलं, दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवायचं तेवढं मला नेमकं जमतं. "तुमच्या कंपनीनं आधी शेत खाल्लं, आता लिंबू खातेय," असं मी चहाचा कप पुढे करता करता त्यांना ऐकवायची.

ते रोज सकाळी जुन्या बनियनचा ओला बोळा घेऊन पान न् पान पुसत बसत. काट्यांनी हात ओरबाडून निघायचे, आणि आठ दिवसांत पानं पुन्हा काळी. मी पायरीवर भाजी निवडत विचारायची, "काय हो, कंपनीची भरपाई देताय का?" मला ती थट्टा वाटायची. खरं सांगायचं तर मला मजाच यायची.

दोन वर्षं असं चाललं. लिंबं धरेनात, फांद्या वाळायला लागल्या, तेव्हा मी झाड तोडून टाकायचं ठरवलं. त्या जागी लावायला दुसरं रोप बघावं म्हणून अलिबागच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेत गेले. ती चालवते माझीच एक जुनी विद्यार्थिनी. धुरात टिकेल असं काहीतरी दे, म्हणून मी सोबत नेलेली काळी डहाळी तिच्यापुढे धरली. तिने पान उलटं केलं.

"बाई, ह्यो धूर न्हाय. खाली बगा."

पानाच्या खालच्या बाजूला बारीक तपकिरी खवले चिकटले होते. ते किडे होते. ते पानातला रस पितात, त्यांच्या अंगातून चिकट गोड पाणी खालच्या पानांवर गळतं आणि त्यावर काळी बुरशी चढते, असं तिने मला समजावलं. "धूर असता तर तुमच्या टाकीवर, पत्र्यावर पन बसला असता की." मग तिने विचारलं, युरिया किती घालता? मी मूठ दाखवली. झाड अशक्त दिसतंय म्हणून दर आठवड्याला मीच घालत होते. "मग काय, पालवी कवळी लुसलुशीत येते, किड्यांची चंगळ," ती म्हणाली. पाढा अडलेल्या पोरीसारखी मी तिच्यासमोर उभी राहिले. साबणाच्या पाण्यात निंबोळीचं तेल घालून पानांच्या खालून फवारा, खत बंद करा, झाड वाचेल, असं तिने सांगितलं.

घरी आले तर हे पानं पुसत होते. मी सगळं सांगून टाकलं, युरियासकट. आता हे माझी चांगली जिरवणार, अशी मनाची तयारी केली होती.

"म्हणजे कंपनीमुळे नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नक्की विचारलंस?"

"अहो, तिने किडे दाखवले मला."

ते पायरीवर बसले. हातातला बोळा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बाबा जमीन द्यायला तयार नव्हते. नोकरीसाठी मी हट्ट धरला. त्यांना सही करायला मी लावली. तू रोज बोलायचीस, तेव्हा मला वाटायचं, बाबाच बोलतायत."

इतकी वर्षं तोंडाला येईल ते बोलत आले, आणि "चुकले" हा एक शब्द म्हणायला मला संध्याकाळ लागली.