विरजणाचा चमचा

आई गेल्यावर बाबा आमच्याकडेच राहिले. राहिले असं म्हणायचं, पण खरं तर ते परत गेले नाहीत, एवढंच. मराठवाड्यातल्या घराला कुलूप लावून त्यांनी आईला लखनौला आणलं होतं, इथल्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला. आमचं भाड्याचं घर तेलीबागेत, वरच्या मजल्यावर. तिथून दवाखाना जवळ. आई वाचली नाही. कुलपाची किल्ली बाबांच्या सदऱ्याच्या खिशात तशीच राहिली.

माझ्या आईबाबांपैकी कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नाही. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. मी गावातल्याच शाळेत शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, बँकेत लागले आणि बदल्या होत होत इथवर आले. माझं जे काही आहे, ते त्यांच्या पाठीवरून आलेलं आहे. म्हणून बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले, तेव्हा मला वाटलं की आपण एवढं शिकलो, तर यातून त्यांना बाहेर काढता आलंच पाहिजे.

बँकेत एकदा मनाच्या आरोग्यावर प्रशिक्षण झालं होतं. सकाळी चालावं, उन्हात बसावं, माणसांशी बोलावं, झोपेची वेळ पाळावी, असं बरंच शिकवायला आलेल्या बाईंनी छान समजावून सांगितलं होतं. मी ते मनापासून ऐकलं आणि घरी येऊन बाबांना सांगितलं.

"चालायला कुठं जाऊ माय?" बाबा म्हणाले.

"इथंच, कॉलनीत."

"कशाला?"

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, त्या बाबा न कुरकुरता घ्यायचे. झोप थोडी सुधारली. पण उठवलं तर उठायचे, वाढलं तर दोन घास खायचे आणि पुन्हा भिंत. शनिवारी कानपूरहून माझा नवरा यायचा, तो गप्पा मारून पाहायचा. बाबा "हं" म्हणायचे. जावयाला वाईट वाटू नये म्हणून तेवढं तरी.

मग एका संध्याकाळी बँकेतून यायला उशीर झाला, मी दूध तापवलं आणि ओट्यावर तसंच विसरून भाजी चिरायला बसले. मागून बाबांचा आवाज आला.

"थंड होऊन जाईल ते. विरजायचं नाही का?"

ते दारात उभे होते. आत आले, दुधात करंगळी बुडवली, विरजणाची वाटी मागितली.

ते विरजण आईचं होतं. गावाहून निघताना तिनं स्वच्छ फडकं दह्यात बुडवून सावलीत वाळवलं होतं आणि कपड्यांच्या घडीत घालून आणलं होतं. इथं आल्यावर, घोटभर चहाही घ्यायच्या आधी, तिनं कोमट दुधात ते फडकं भिजत घातलं. मी हसले होते. "आई, इथं दही मिळतं गं." ती म्हणाली, "मिळत असेल. आपलं कुठं मिळतं?" दवाखान्यातून थकून आली तरी संध्याकाळी तिचं विरजण चुकायचं नाही. लखनौच्या थंडीत दही लागेना, तेव्हा ती पातेलं आपल्या तपकिरी शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायची आणि स्वतः स्वेटरवर भागवायची. सकाळी दही लागलं की आधी चमचाभर वाटीत बाजूला काढायची, मगच कुणाला वाढायची. नवऱ्याला नाही, नातीला नाही, आधी वाटीला. ती गेल्यावर मी ते कसंबसं चालू ठेवलं होतं.

त्या संध्याकाळपासून ते काम बाबांचं झालं. कुणी सांगितलं नाही. दूध चांगलं हवं म्हणून सकाळी ते स्वतःच डेअरीवर जाऊ लागले. पातेलं उन्हात वाळवायचं म्हणून गच्चीवर जाऊ लागले. गच्चीवर खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण आंटीजी मटार सोलत बसलेल्या असायच्या, त्या यांना गप्प बसू द्यायच्या नाहीत. "भाई साहब, आज धूप निकली तो आप भी निकले?" बाबांना हिंदी येते तेवढीच. ते "हां हां" म्हणत पातेलं उपडं घालायचे आणि तिथंच कठड्याला टेकायचे. प्रशिक्षणातल्या बाईंनी सांगितलेलं सगळं आता घडत होतं, आणि माझ्या सांगण्यानं नव्हे. मी ओट्याशी उभी राहून पाहायची. बाबा थोडे परत येत होते. ते त्या एका वाटीवर येत होते, हे मला कळत होतं, आणि म्हणूनच थोडी भीतीही वाटायची.

जानेवारीत माझ्या लेकीची शाळेतली सराव परीक्षा होती, दहावीची. त्या आठवड्यात दुपारपर्यंत कोहरा, म्हणजे इथलं दाट धुकं, उठत नव्हता. आदल्या रात्रीचं दही नीट लागलं नव्हतं, पाणीच जास्त. सकाळी बाबांनी त्याची कढी करायला सांगितली. लागलेलं असं काय ते वाटीत उरलेलं, आधीच्या दह्याचं विरजणच. लेक दप्तर अडकवून दारात बूट घालत होती.

"थांब, थांब," म्हणत बाबा आत गेले आणि दहीसाखर घेऊन आले. तिच्या तळहातावर घातली. तिनं चाटली.

"आजोबा, और दो ना. मॅथ्स है आज."

"घे, सगळं घे. सगळे मार्क तुलाच," बाबा म्हणाले आणि हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी पर्स शोधत होते, मला वाटीकडे पाहायचं सुचलं नाही. त्यांनाही सुचलं नाही.

संध्याकाळी मी आले तेव्हा देवापाशी दिवा लागला होता. दूध कोमट करून बाबा ओट्याशी उभे होते.

"वाटी कुठंय?"

वाटी घासून पालथी घातलेली होती. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांना कळलं. मला आधीच कळलं होतं.

"कढीत थोडं..." मी म्हणाले.

"उकळलेलं आहे ते." पालथी वाटी सुलटी करत म्हणाले, "तिनं आधी बाजूला काढलं असतं."

लेक खोलीतून बाहेर आली. "क्या हुआ? आजोबा, आपने ही तो दिया था ना. मैं अभी दुकान से ले आती हूँ, पाँच मिनट." ती चपला घालायलाही लागली.

"दिवे लागले," बाबा म्हणाले.

आमच्याकडे दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत, आणत नाहीत. आई ते कडक पाळायची. एकदा आंटीजी तिन्हीसांजेला जामन मागायला वर आल्या होत्या, म्हणजे विरजणच, तर आईनं दिव्याकडे बोट दाखवून त्यांना हात हलवत परत पाठवलं होतं. सकाळी मात्र उजाडताच वाटी घेऊन स्वतः खाली गेली. आंटीजींना त्याची अजून गंमत वाटते.

"अरे, पर दुकान वाले को थोड़ी पता है," लेक म्हणाली. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. बाबांनी गॅसजवळची शाल उचलली, घडी केली आणि खोलीत गेले. जेवायला उठले नाहीत. दारातून पाहिलं, तर तोंड भिंतीकडे होतं.

लेक स्वयंपाकघरात माझ्यापाशी येऊन उभी राहिली. ती रडत होती. "मम्मी, वो आजी का था ना? मैंने खा लिया." मी म्हटलं, तुझी चूक नाही, त्यांनी प्रेमानं दिलं, तू प्रेमानं खाल्लंस. पण आईच्या हातचं जे शेवटचं काही या घरात जिवंत होतं ते संपलं होतं, आणि ते बाबांच्याच हातून संपलं होतं, हे मला तिच्यापासून लपवता आलं नाही.

सकाळी जाग आली तेव्हा मी उठायलाच घाबरत होते. त्यांना तसंच पडलेलं पुन्हा पाहायचं नव्हतं. खोलीत गेले, तर बिछाना रिकामा. जिन्याचं दार उघडं. मी जिन्यापर्यंत आले आणि थांबले. खाली बाबा उभे होते, आईची शाल पांघरून, हातात वाटी. समोर आंटीजी.

"बहनजी, थोडा जामन... हमारी उसने दिया था आपको. वो वाला."

मी कठडा धरला. आंटीजींकडे असेल, असायलाच हवं, असं मला त्या क्षणी वाटलं. आईचं दही खाली त्यांच्या घरात लागतच असेल.

आंटीजींनी वाटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वो तो भाई साहब, कब का बिगड़ गया. गर्मी में. अब तो चौराहे वाली दुकान का ही है मेरे पास." आणि हळूच, "माफ़ करना."

बाई, खोटं बोलला असतात तरी काय बिघडलं असतं, असं मनात आलं. बाबा तसेच उभे. कोहऱ्यात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. वाटी मात्र तशीच पुढे धरलेली होती.

"चलेगा," ते म्हणाले.

वर आले, वाटी झाकली, डेअरीवर गेले. संध्याकाळी दिवा लावला, दूध कोमट केलं, करंगळी बुडवली, आंटीजींचं विरजण त्यात ढवळलं, पातेलं शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलं. आईनं केलं असतं तस्सं.

दुसऱ्या दिवशी दही घट्ट लागलं होतं. लेक शाळेला निघायची होती, पण ती दप्तर घेऊन ओट्यापाशीच उभी राहिली. बाबांनी बोटानं चाखलं.

"आंबट आहे," म्हणाले. मग पुन्हा चाखलं, जणू काही राहून गेलं असेल म्हणून. "तिचं नाही हे."

आणि ओट्याला टेकून ते रडायला लागले. दवाखान्यात रडले नव्हते, घाटावर रडले नव्हते. मोठ्या माणसाला रडू येतं तसं, आवाज दाबून, खांदे हलवत. लेकीनं त्यांचा सदरा पाठीमागून धरला. बोलण्यासारखं माझ्या शिक्षणात काही नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी शालीच्या टोकानं तोंड पुसलं. चमचा घेतला. दह्याच्या कडेचा, घट्ट भागातला एक चमचा काढून वाटीत बाजूला ठेवला आणि तिच्यावर ताटली झाकली.

मग नातीकडे वळून म्हणाले, "हं, आता हात पुढं कर."