राजाचा गहू, माझं रान

राजाला जाऊन आज वर्ष झालं, आणि मी अजून त्याच्यावर जळतो.

आज त्याच्या फोटोखाली सगळे "देवमाणूस" लिहितील. खुशाल लिहा. तुमचा आणि त्याचा बांध एक नव्हता.

राजा रांजणगावला कंपनीत होता. फर्स्ट शिफ्ट करून दुपारी बसमधून उतरायचा, डबा घरात ठेवायचा आणि रानात यायचा. मी उजाडल्यापासून रानात. तरी फेसबुकवर 'प्रयोगशील शेतकरी' कोण? तो.

दौंडकडच्या एका मामांकडून त्यानं खपलीचं बी आणलं. खपली म्हणजे आपला जुना गहू. टरफल असं घट्ट चिकटलेलं की कांडल्याशिवाय दाणा सुटत नाही. पण पेरायचा तो मात्र टरफलासकट.

रासायनिक खत नाही, औषध नाही. आम्ही ऊसवाले पोट धरून हसलो.

मग त्यानं घरामागे मातीची भट्टी बांधली आणि खपलीचा ब्रेड भाजायला लागला.

पहिला ब्रेड विटेसारखा झाला. मला फार बरं वाटलं.

पण गडी हटला नाही. हळूहळू शिक्रापूरच्या सोसायट्यांमधून गाड्या यायला लागल्या. माझ्या उसाला पाठ करून लोक त्याच्या गव्हाबरोबर सेल्फी काढायचे.

हद्द केली ती आमच्या आईनं. चहात त्याची नानकटाई बुडवून म्हणायची, "राजाच्या हाताला चव हाय रं."

"आई, चहातली साखर माझ्या उसाची हाय."

"आसंल. चव नानकटाईला हाय."

राजाला सगळं कळत होतं. एकदा बांधावर बादलीभर बी ठेवून म्हणाला, "संपत्या, जळतोस व्हय? मग लाव की."

"मला नगं तुझं."

"कुणाला सांगत न्हाई. लाव."

लावलं. उसाच्या मागे, रस्त्यावरून कुणाला दिसणार नाही असं.

काढणीच्या आधी तो बघायला आला. एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभा.

"बरं हाय," म्हणाला.

बस. एवढंच.

मळून एक पोतं झालं. ते मी कांडायला नेलंच नाही. गिरणीत नेलं असतं तर गावभर झालं असतं की संपतनंही शेवटी राजाचंच पीक लावलं. पोतं तसंच माळ्यावर टाकलं.

त्याच उन्हाळ्यात राजा गेला. कंपनीच्या बसमध्ये, बसल्या जागी.

ठरलं की तेराव्याला सगळ्या गावाला राजाच्याच खपलीची खीर घालायची. घरात होती नव्हती ती पोती कांडून आणली. बियाण्याचंसुद्धा. दुःखात कुणाच्या ध्यानात येतंय? मीही दोन वाट्या खाल्ल्या. चांगली झाली होती.

दिवाळीनंतर राजाची बायको, सविता वहिनी, दारात आल्या.

"भाऊजी, पेरायला दाणा न्हाई. कांडलेला टाकून बघितला, उगवंना. दौंडच्या मामांनी बी खपली लावायचं सोडलंय. समदं खिरीत गेलं."

मी माळ्यावर चढलो.

पोतं खाली आणलं तशा वहिनी त्याच्यावर हात ठेवून ओट्यावरच बसल्या.

अर्धं त्यांच्या रानात पेरलं, अर्धं माझ्या. या वेळी उसाच्या पुढे, अगदी रस्त्याला लागून.

भट्टी आता वहिनी चालवतात. आज सकाळी माझ्या गव्हाचा ब्रेड घेऊन आल्या. पिशवीवर छापलेलं, 'राजाची खपली'.

"भाऊजी, नव्या पिशव्या छापायच्या हायत. तुमचं नाव टाकू का?"

इतकी वर्षं मी दुसऱ्या कशाची वाट बघत होतो?

"नगं," म्हणालो. "हाय त्येच ऱ्हाऊ द्या."

त्या गेल्या आणि मी परत जळत बसलो. रान माझं, पाणी माझं, घाम माझा. गाडीवाले काच खाली करून विचारतात, "राजाची खपली हीच का?"

हीच, म्हणतो.

राजा, यंदा माझी ओंबी तुझ्यापेक्षा लांब होती. आईशप्पथ.

काढणीआधी रोज बांधावर उभा राहिलो. चोळून बघायला कुणी आलं नाही.

"बरं हाय" एवढं म्हणायला तरी यायचं होतंस.

तुला श्रद्धांजली, गड्या.

तुझ्या बांधाचा,
संपत्या